खुर्द्याची पारख

नाणेसंग्रह हा राजेरजवाड्यांचा, धनिकांचा आणि निवृत्तीनंतर लिलावाच्या याद्या चाळीत बसणाऱ्या अधिकाऱ्यांचा छंद आहे, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ होऊन बसली आहे, तिचा परिणाम असा झाला आहे की ज्या वस्तू दिवसातून अनेकदा आपल्या तळहातावरून जातात त्यांच्याकडे निरखून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. धुळे शहराच्या उत्तरेस, पांझरेच्या पलीकडील तीरावर वसलेल्या देवपुरात, दत्तमंदिर चौकातल्या भाजीवालीने "सुट्टा पैसा शेतस का, भाऊ?" असे विचारले म्हणजे गिऱ्हाईक खिसा चाचपते, तीन-चार नाणी काढते, त्यांवरचा आकडा तेवढा पाहते आणि मोकळे होते. वस्तुतः त्या नाण्यावर आकड्याखेरीज सन असतो, सनाखाली टांकसाळीची खूण असते, कडेला कंगोरे असतात किंवा नसतात, आणि ज्या धातूचे ते पाडलेले असते त्या धातूच्या निवडीमागे सरकारच्या खजिन्याची त्या काळची काही ना काही अडचण दडलेली असते. नवशिक्या संग्राहकाने आपला आरंभ दुकानातून नाणी विकत घेऊन न करता घरातल्या चिल्लरीच्या डब्यापासून करावा असे जे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे काटकसरीचा विचार थोडा आणि नजर तयार होण्याचा विचार अधिक आहे. विकतच्या नाण्याची ओळख विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहून दिलेली असते. डब्यातल्या नाण्याची ओळख ज्याची त्याने पटवून घ्यावी लागते.

आपल्या पूर्वजांना नाण्यांविषयीची ही बेफिकिरी परवडणारी नव्हती. इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे दख्खनच्या बाजारांत अंकुशी, मल्हारशाही, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी फिरत असत. होळकरांची चांदवडची टांकसाळ तर खानदेशच्या वेशीपासून फार दूर नव्हती. प्रत्येक रुपयाचा कस निराळा, वजन निराळे, झीज निराळी, आणि म्हणून प्रत्येकावरचा बट्टाही निराळा, असा प्रकार असल्यामुळे सराफाच्या पेढीवर आणि सरकारी खजिन्यातील पोतदारापुढे प्रत्येक नाणे उलटून पालटून, वाजवून, जोखून मगच जमेस धरले जाई. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखात चालू केला, आणि त्यानंतर बट्ट्याच्या जाचातून रयत जसजशी सुटत गेली तसतशी पारख करण्याची तिची सवयही सुटली. आज जो मनुष्य चिल्लर ताटात ओतून भिंग लावून बसतो, तो त्या जुन्या पोतदाराचेच काम करीत असतो. फरक इतकाच की बट्टा ठरविण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

हे काम धुळ्यासारख्या गावी व्हावे यात मला एक औचित्य दिसते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते येथेच कालवश झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात स्थापन झाले. खेडोपाडी हिंडून लोकांच्या माळ्यांवरची, पेटाऱ्यांतली दफ्तरे त्यांनी जमविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली, ती मुख्यतः या विश्वासावर की यःकश्चित वाटणारा कागदही त्याच्या जातीच्या इतर कागदांशेजारी ठेवला म्हणजे बोलू लागतो. नाण्यांच्या बाबतीत या पद्धतीचा आपल्या जवळपासचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला साठा होय. क्षत्रप नहपानाची १३,२५० च्या आसपास चांदीची नाणी तेथे एकत्र मिळाली. त्यांतले एखादे सुटे नाणे हाती घेऊन फारसे काही कळले नसते. पण सगळी वेगळी काढून पाहता असे दिसून आले की त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे, आणि त्या नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा व त्याची ग्रीक अक्षरे अर्धवट डोकावत आहेत. जिंकलेल्या राजाच्या खजिन्यावर जिंकणाऱ्याने आपली मोहोर मारली, ही घटना कोणा बखरकाराने लिहून ठेवलेली नसताना केवळ वर्गवारीने हाती आली. देवपुरातल्या डब्यात नहपान सापडणार नाही हे उघडच आहे. परंतु वर्गवारीचा धडा तोच आहे.

तयारी फारशी लागत नाही. पांढरे कापड अंथरलेले ताट, दहापट मोठे दाखविणारे भिंग, लहानसे चुंबक, रकाने आखलेली वही आणि कागदाची छोटी पाकिटे एवढे पुरे. दिवा समोरून न ठेवता बाजूने, तिरपा प्रकाश पडेल असा ठेवावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही आपल्या सावल्यांमुळे वाचता येतात. नाणी आधी मूल्यानुसार वेगळी करावीत. त्यानंतर त्यांवरून चुंबक फिरवावे, आणि येथेच नवशिक्याला पहिले आश्चर्य भेटते.

१९९२ पासूनचा पोलादी रुपया चुंबकाकडे झेप घेतो, कारण तो बव्हंशी लोखंडाचा असून त्यात क्रोमियम मिसळलेले असते. त्याच ताटातले दोन रुपयांचे अकरा कोनांचे जुने नाणे मात्र जागचे हालत नाही, कारण ते तांबे व निकेल यांच्या मिश्रणाचे आहे. तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल. येथवर ठीक आहे. पण आजीच्या डब्यातून १९६२ ते १९७४ या काळातला एखादा मोठा, जड रुपया निघाला आणि त्यावरून चुंबक फिरविले, तर तोही चिकटतो, आणि तो तर लोखंडाचा नसतो. तो शुद्ध निकेलचा आहे, आणि निकेल हा धातू स्वतः चुंबकाने ओढला जातो. तांब्यात मिसळल्यावर मात्र त्याचा हा गुण नाहीसा होतो. पाच रुपयांचे जाड, नऊ ग्रॅमचे नाणे स्वस्थ राहते, २००७ चे त्याच आकाराचे पण पातळ नाणे उडी मारते, आणि २००९ नंतरचे पिवळे पितळी नाणे पुन्हा स्वस्थ. एका चुंबकाने एवढा बोध होतो की पाच रुपयांच्या नाण्याचा धातू थोड्याच वर्षांत दोनदा बदलला. त्याचे कारण असे की जाड नाण्यातल्या तांबे-निकेलची किंमत त्याच्या दर्शनी मूल्याला गाठू लागली होती, आणि ही नाणी सीमेपलीकडे नेऊन वितळवून त्यांची दाढीची पाती केली जातात अशा वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार येत होत्या. नाणे वितळविणे हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे; तथापि धातू नाण्याहून महाग झाला म्हणजे कायद्याचा धाक पुरत नाही, आणि अखेर सरकारलाच धातू बदलावा लागतो.

धातूनंतर वजन. ज्याच्याकडे सोनाराचा लहान काटा आहे त्याने रुपयांची एक रांग लावून पाहावी. राणीछाप चांदीचा बंदा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, त्यातली चांदी निम्म्यावर आली, आणि युद्ध संपताच चांदी पार जाऊन निकेल आले. १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा, १९७५ चा तांबे-निकेलचा ८ ग्रॅमचा, १९८३ चा ६ ग्रॅमचा, १९९२ चा पोलादी ४.८५ ग्रॅमचा आणि २०११ पासूनचा ३.७९ ग्रॅमचा. ही उतरंड पाहून महागाईविषयी जे कळते ते अर्थशास्त्राच्या पुस्तकातील आलेखाहून मला अधिक बोलके वाटते. त्यातही एक गंमत अशी की २०११ चा रुपया हा आकाराने आणि वजनाने हुबेहूब त्याआधीच्या पोलादी आठ आण्यांएवढा आहे, २२ मिलिमीटर व्यासाचा. आणि २०११ चे दोन रुपये हे आधीच्या रुपयाएवढे आहेत, २५ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे प्रत्येक नाणे आपल्याहून खालच्या नाण्याच्या जागी जाऊन बसले. नवीन दोन रुपये आणि जुना रुपया यांत फसगत होते अशी जी तक्रार रिक्षावाले आणि दुकानदार करतात, तिचे मूळ त्यांच्या नजरेत नसून या पदावनतीत आहे.

आता या छंदातील सर्वांत रसाळ भागाकडे, टांकसाळीच्या खुणांकडे वळतो. भारत सरकारच्या चार टांकसाळी सांप्रत चालू आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ कंपनी सरकारच्या काळात, १८२९ च्या सुमारास उभी राहिली. कोलकात्याची सध्याची अलीपूर येथील इमारत १९५२ सालची. हैदराबादची टांकसाळ निजामाच्या राजवटीतून वारशाने आली. आणि नोएडाची, सर्वांत धाकटी, १९८८ ची. नाण्यावरच्या सनाखाली बारकाईने पाहिले असता पत्त्यांतील चौकटीच्या आकाराचे बारीकसे चिन्ह दिसले तर ते नाणे मुंबईचे, पाच टोकांची चांदणी दिसली तर हैदराबादचे, वाटोळा ठिपका दिसला तर नोएडाचे. आणि काहीच दिसले नाही तर ते कोलकात्याचे. हे शेवटचे नवशिक्याच्या मनास पटत नाही. तो खूण शोधीत राहतो, नाणे घासतो, प्रकाश बदलतो, आणि शेवटी झिजून गेली असावी असा निष्कर्ष काढतो. खूण नसणे हीच कोलकात्याची खूण आहे. उलटपक्षी, खूप हाताळलेल्या मुंबईच्या नाण्यावरची चौकट कोपरे झिजून ठिपक्यासारखी दिसू लागते आणि त्याची गणना नोएडात होते. अशा वेळी सनाच्या आकड्यांची झीज पाहावी. आकडे बोथट झालेले असतील तर ठिपक्यावर विश्वास ठेवू नये, आकडे तीक्ष्ण असतील तर ठेवावा. हैदराबादच्या जुन्या काही नाण्यांवर चांदणीऐवजी चिरलेला किंवा मध्ये ठिपका असलेला चौकोन आढळतो, त्याचीही नोंद मनात असू द्यावी, कारण मुंबईच्या चौकटीशी त्याची गल्लत हमखास होते.

या चारांपलीकडे आणखी एक गट आहे, आणि तो हाती लागला म्हणजे संग्राहकाचा दिवस सार्थकी लागतो. १९८० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात चिल्लरीची इतकी टंचाई झाली की आपल्या टांकसाळी पुरेशा पडेनात, आणि सरकारने परदेशी टांकसाळींकडून नाणी पाडून आणविली. १९८५ च्या रुपयाच्या सनाखाली 'एच' हे इंग्रजी अक्षर असेल तर तो बर्मिंगहॅमचा. त्याच सुमाराच्या लहान पोलादी नाण्यांवर 'सी' असेल तर ते कॅनडातल्या ओटावाचे. नंतरच्या नाण्यांवर 'एम'च्या डोक्यावर इवलेसे वर्तुळ असेल तर मेक्सिकोचे. लंबवर्तुळात रशियन लिपीतील तीन अक्षरे असतील तर मॉस्कोचे. आणि 'एमके' अशी जोडी असेल तर स्लोव्हाकियातील क्रेम्निका या डोंगरी गावचे, जेथली टांकसाळ १३२८ सालापासून चालत आली आहे. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया आणि कोरियातील देगू येथूनही नाणी आली. चौदाव्या शतकातल्या टांकसाळीत पाडलेला रुपया देवपुरात एका कटिंग चहाच्या मोडीत परत मिळतो आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांपैकी कोणालाच त्याची वार्ता नसते. या नाण्यांची बाजारातील किंमत विशेष नाही, कारण ती मोठ्या संख्येने पाडली गेली. पण त्यांचा शोध घेताना जी नजर तयार होते ती पुढे शिवराई या मराठेशाहीतील तांब्याच्या नाण्यावरची झिजलेली अक्षरे लावतानाही कामास येते.

महाराष्ट्रात राहणाऱ्या संग्राहकाला आणखी एक दालन आपसूक उघडे आहे. थोर पुरुषांच्या स्मरणार्थ काढलेल्या चलनी नाण्यांत आपल्याकडील विभूती बऱ्याच आहेत: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे संत तुकारामांचे दोन रुपये आणि २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. यांतली काही अजूनही चिल्लरीत भेटतात. याउलट ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही अशी १९७० च्या दशकातली पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी मला स्वतःला अधिक मोलाची वाटतात. त्यांवर पुरुष नाहीत, घोषणा आहेत: १९७४ ला नियोजित कुटुंबाची आणि सर्वांसाठी अन्नाची, १९७७ ला विकासासाठी बचतीची, १९७९ ला आंतरराष्ट्रीय बालकवर्षाची. दुष्काळाच्या आणि रेशनच्या त्या दशकात सरकारला रयतेशी काय बोलायचे होते, ते सर्वांत कमी किमतीच्या, म्हणजेच सर्वांत गरीब हातांतून फिरणाऱ्या नाण्यावर छापले गेले. कागदी जाहिराती फाटून गेल्या, ही टिकली.

चित्रावरून वादही झाले आहेत. २००५ च्या सुमारास दोन रुपयांवर मध्यभागी छेदणाऱ्या रेषा आणि चार ठिपके यांची आकृती आली; विविधतेतील एकता असा तिचा सरकारी अर्थ होता, पण ती ख्रिस्ती क्रुसासारखी दिसते असा गदारोळ झाला. नंतर २००७ पासून हाताच्या मुद्रा आल्या: रुपयावर उभा अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटे. अक्षरशत्रू मनुष्यालाही मूल्य ओळखता यावे ही त्यामागची कल्पना मला तरी सूज्ञपणाची वाटते. २०११ पासून रुपयाचे नवे चिन्ह नाण्यांवर आले आणि २०२२ च्या जूनमध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची मालिका.

दहा रुपयांच्या नाण्याची कथा मात्र केवळ चित्राची नाही, ती आपल्या बाजाराच्या स्वभावाची आहे. एका नाण्यावर दहा पाकळ्या, दुसऱ्यावर पंधरा किरणे. एकावर रुपयाचे चिन्ह, दुसऱ्यावर नाही. एवढ्यावरून त्यांपैकी एक खोटे असले पाहिजे अशी अफवा उठली आणि गावोगावच्या दुकानदारांनी दोन्ही नाकारली. अखेर रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले की तोवर निघालेली चौदाही प्रकारची दहा रुपयांची नाणी कायदेशीर चलन आहेत. त्यानंतरही नाकारणे पूर्णपणे थांबले नाही. संग्राहकाने या अडाणीपणाचा लाभ घ्यावा: ज्या दुकानदाराच्या गल्ल्यात अशी 'न चालणारी' नाणी साचलेली असतात, तो नोटेच्या बदल्यात ती आनंदाने देतो, आणि चौदा प्रकार जुळविण्याचे काम पुष्कळ सोपे होते.

चुकलेल्या नाण्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण नवशिक्याचे मन तिकडे फार ओढ घेते. भारतीय नाण्यावर सिंहमुद्रा सरळ उभी धरून नाणे उभ्या आसाभोवती फिरविले असता मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे; ती तिरपी किंवा उलटी दिसली तर साचा फिरलेला आहे असे समजावे. अशी नाणी चिल्लरीत खरोखरच सापडतात, आणि ती ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. त्याहून दुर्मीळ प्रकार म्हणजे ज्याला व्यापारी 'लखी' म्हणतात तो: आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिल्यामुळे पुढच्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा उठाव येतो आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे व खोलगट उमटते. येथे सावधगिरीची गरज आहे. दोन नाणी एकमेकांवर ठेवून हातोड्याने ठोकली तरी खोलगट ठसा उमटतो, आणि अशा बनावट लखी भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारल्या जातात. खऱ्या लखीत कडा शाबूत असते आणि सरळ बाजूचा उठाव स्वच्छ असतो.

सापडलेले नाणे स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. चिंच, राख, लिंबू, पितांबरी, दंतमंजन यांपैकी काहीही तांब्यापितळेच्या भांड्यांस उपकारक असले तरी नाण्यास घातक आहे, कारण काळाने चढविलेली पुटे त्यामुळे निघून जातात आणि त्यांबरोबर पृष्ठभागावरचा मूळ झळाळही जातो. जाणकाराच्या लेखी असे चकचकीत नाणे निम्म्या योग्यतेचेही राहत नाही. फार तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपून घ्यावे. नाणे नेहमी कडेने धरावे, चित्रावर बोट लावू नये. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात. खानदेशातल्या उन्हाळ्यात त्यांतून एक चिकट, हिरवट थर सुटतो आणि तांब्याच्या नाण्यांना खाऊ लागतो. कागदी पाकीट साधे पण निर्धोक. त्या पाकिटावर मूल्य, सन, टांकसाळ एवढेच लिहून थांबू नये, नाणे कोठे आणि केव्हा मिळाले तेही लिहावे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राजमार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, चैत्रात एकवीरा देवीच्या यात्रेला दूरदूरचे भाविक देवपुरात येतात, आणि त्यांच्याबरोबर नाणीही येतात. अशा गावी हैदराबादची चांदणी किंवा नोएडाचा ठिपका कोणत्या महिन्यात, कोणत्या दुकानात अधिक दिसतो याची नोंद काही वर्षे नेटाने ठेवली, तर चलन कोणत्या वाटांनी फिरते याविषयी असे काही हाती लागेल जे कोणत्याही दफ्तरात लिहिलेले नाही.

पैशाच्या आशेने या छंदात उतरणाऱ्याची मात्र निराशा होईल, क्वचित फसवणूकही होईल. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अमुक सनाच्या रुपयाला मोटार मिळते, अशा वावड्या अधूनमधून उठतात. भ्रमणध्वनीवरून कोणी गोड बोलतो, नाणे विकत घेतो म्हणतो, आणि आधी नोंदणीशुल्क किंवा कर म्हणून रक्कम मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे बजावले आहे की जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी तिने कोणासही मुखत्यारी दिलेली नाही. जो आधी पैसे मागतो तो ग्राहक नव्हे, हे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरी एक बाब कायद्याची आहे. शेतात नांगरताना किंवा जुने घर पाडताना मडक्यात, भिंतीत नाण्यांचा दफिना सापडला, तर तो वाटून घेण्याची किंवा सोनाराला विकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी वर्दी देणे बंधनकारक आहे. ती न देण्यात शिक्षेच्या भीतीपेक्षा मोठी हानी वेगळीच आहे. जोगळटेंभीचा साठा फुटून सराफांच्या मुशीत गेला असता, तर गौतमीपुत्राच्या विजयाचा तेवढा भक्कम पुरावा आपल्याला कधीच मिळाला नसता. ज्यांना या शास्त्रात पुढे जायचे असेल त्यांना नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था खानदेशातून जवळ आहे, आणि मुंबईस रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे.

चिल्लरीचा हा झरा मात्र आटत चालला आहे. भाजीवालीच्या टोपलीशेजारी आता काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक उभा असतो आणि जुडीभर मेथीचे दहा रुपयेही फोनवरून जातात. २५ पैसे व त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. ५० पैसे कायद्याने अजून चालतात, व्यवहारात मात्र कोणी घेत नाही. बाद झालेली ही ॲल्युमिनियमची नाणी, ते तीन पैशांचे षट्कोन आणि पाच पैशांचे चौकोन, आजही देवपुरातल्या कित्येक घरांत देव्हाऱ्याखाली, शिवणयंत्राच्या खणात, रिकाम्या बिस्किटांच्या डब्यांत पडून आहेत, आणि घर आवरायला काढले की ती भंगारवाल्याच्या काट्यावर किलोने जातात. ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांनी तो भंगारात घालण्यापूर्वी एखाद्या रविवारी मुलांपुढे ताटात ओतावा, हाती एक भिंग व एक चुंबक द्यावे, आणि प्रत्येक नाण्याचा सन त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.